पडद्याचा षड्ज

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येणारी तक्रार बहुतेक वेळा काउंटरवर ठेवून दाखवता येते. काच तडकलेली असते, चार्जिंगचा जॅक ढिला झालेला असतो, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं असतं, नाहीतर गणपतीनंतर स्पीकरच्या जाळीत गुलाल बसलेला असतो. गिऱ्हाईक बोट ठेवतं, आम्ही बघतो, खर्च सांगतो. गेल्या काही वर्षांत मात्र एक वेगळीच तक्रार वाढत गेली. फोन नवा आहे, महागातला आहे, सगळं व्यवस्थित चालतंय. पण वाचायला घेतला की थोड्या वेळात कपाळ जड होतं, डोळ्यांमागे ओढ बसते, कुणाकुणाला मळमळतं. जुन्या फोनला असं कधी झालं नव्हतं, असं प्रत्येक जण आवर्जून सांगतो.

माझ्यापर्यंत पोचायच्या आधी ही माणसं बरंच फिरून आलेली असतात. सर्व्हिस सेंटरने फोन तपासून ‘दोष नाही’ असं लिहून परत दिलेला असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर काढलेला असतो, थेंब दिलेले असतात. घरातल्यांनी ‘कमी बघत जा’ म्हणून विषय संपवलेला असतो. मग शेवटी दुरुस्तीवाल्याकडे, तेही जरा संकोचूनच, की दादा, हसू नका, पण या फोनचा मला त्रास होतो. मी हसत नाही. ही तक्रार खरी असू शकते, आणि बऱ्याचदा ती यंत्राने मोजून दाखवता येते. म्हणूनच हे लिहायला बसलो.

आधी पडद्याचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. जुन्या एलसीडी पडद्यामागे पांढऱ्या एलईडींचा दिवा असतो आणि पुढे त्या उजेडाला वाट देणारे किंवा अडवणारे ठिपके. ओलेड पडद्यात मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा म्हणजे तो ठिपका बंद. म्हणून रंग खोल दिसतात, फोन पातळ होतो, कडा वाकवता येतात. सॅमसंगने 2010 साली पहिल्या गॅलेक्सी एसमध्ये हा पडदा दिला, आयफोनमध्ये तो 2017 च्या आयफोन टेनपासून आला. आज वरच्या किमतीचा फोन घ्यायचा म्हटलं तर ओलेडशिवाय मिळत नाही.

अडचण सुरू होते ती ब्राइटनेस कमी करताना. साधा मार्ग म्हणजे ठिपक्याला वीज कमी द्यायची. पण प्रत्येक ठिपक्यामागे जे बारीक ट्रान्झिस्टर असतात ते तंतोतंत सारखे नसतात. भरपूर वीज असताना हा फरक झाकून जातो. अगदी थोडी वीज असताना तोच उघडा पडतो. अंधाऱ्या खोलीत राखाडी रंगाचं चित्र लावून असा पडदा बघितला तर कुठे हिरवट, कुठे गुलाबी डाग दिसतात. गिऱ्हाइकाला डाग चालत नाहीत, म्हणून कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला. वीज पुरेशी द्यायची, पण ठिपका सतत चालू ठेवायचा नाही. चालू, बंद, चालू, बंद. बंद राहण्याचा वेळ वाढवला की डोळ्याला पडदा मंद वाटतो. कारागीर याला पीडब्ल्यूएम म्हणतात. बऱ्याच फोनमध्ये ही उघडझाप सेकंदाला 240 वेळा होते. म्हणजे एका फेरीला चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ, आणि ब्राइटनेस पार खाली आणलेला असेल तर त्यातला जेमतेम दहावा हिस्सा उजेड, बाकी सगळा काळोख. फोन डोळ्यापुढे धरून आपण शांतपणे बातमी वाचत असतो आणि पडदा बहुतेक वेळ विझलेलाच असतो.

दिसत नाही तर बिघडलं कुठे, असं मला विचारतात. सरळ बघताना सेकंदाला साठ-सत्तरच्या वरची उघडझाप बहुतेकांना वेगळी जाणवत नाही, हे खरं. पण वाचताना नजर ओळीवरून घसरत जात नाही, ती उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. उडी चालू असताना पडदा लुकलुकत असेल तर अक्षराची एक सलग रेघ पडण्याऐवजी तुटक ठशांची माळ पडते. रात्री पुढच्या गाडीच्या एलईडी टेललाइटवरून नजर झटकन फिरवा, लाल ठिपक्यांची रांग दिसते, तीच ही गोष्ट. अशी माळ कित्येकशे हर्ट्झपर्यंत काही माणसांना दिसते. आणि जे ध्यानात येत नाही तेही डोळ्यातून आत जातंच.

माझं दुकान मिरजेत आहे. तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची वस्ती हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या माणसांचे कान तयार असतात, आणि या विषयात मला डोळ्यांपेक्षा कानांचीच मदत जास्त झाली. ती कशी, ते सविस्तर सांगतो.

गाण्याच्या एक बाई आहेत, गांधर्वच्या परीक्षांना मुलं बसवतात. त्यांच्या मुलाने पुण्याहून हौसेने आईसाठी एका मोठ्या कंपनीचा भारी फोन आणला. बाई रात्री जेवणं आटपल्यावर मुलांनी पाठवलेल्या वह्यांचे फोटो तपासायच्या, आलाप-तानांची स्वरलिपी बारकाईने बघायच्या. नव्या फोनवर हे काम सुरू केल्यापासून डोकेदुखी मागे लागली. चष्मा बदलून झाला. त्या दुकानात आल्या तेव्हा नवा आणि जुना, दोन्ही फोन पर्समध्ये होते. म्हणाल्या, "माझं वय झालंय हे मला कळतं. पण मग जुन्यावर का दुखत नाही?"

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मी एक साधं उपकरण ठेवलंय. बागेत लावायचा सोलर दिवा मिळतो ना, त्यातली पट्टी काढून तिच्या दोन तारा जुन्या कॉम्प्युटर स्पीकरच्या जॅकला जोडलेल्या. पट्टीवर काळी चिकटपट्टी लावून बोटाच्या पेराएवढीच जागा उघडी ठेवलेली, कारण पडद्याची उघडझाप एकदम सगळीकडे होत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी वरून खाली सरकते. पट्टी मोठी ठेवली तर चालू आणि बंद एकमेकांत मिसळून जातात. पट्टीवर पडणारा उजेड कमी-जास्त झाला की वीज कमी-जास्त होते आणि स्पीकर बोलतो. उजेड स्थिर असेल तर स्पीकर गप्प. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पट्टी धरली की शंभराची घरघर ऐकू येते, म्हणून ही तपासणी दिवा बंद करून करायची.

बाईंचा नवा फोन पांढरं पान उघडून पट्टीवर पालथा ठेवला. ब्राइटनेस पूर्ण असताना नुसती दबकी घरघर होती. पडदा दर खेपेला चित्र बदलतो तेव्हा उजेडात येणारा छोटा खड्डा तो. मी फोनच्या कडेने बोट आत घालून ब्राइटनेस खाली ओढत गेलो. निम्म्याच्या खाली आल्याबरोबर स्पीकरमधून सरळ, ठाम सूर निघाला. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी तो सूर ओठ मिटून लावून बघितला, मग पेटीच्या भाषेत जागा सांगितली. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध. क्षणभर थांबून म्हणाल्या, "अहो, हा तर पुस्तकातला सा आहे."

संगीताच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत मध्य सप्तकाचा षड्ज सेकंदाला 240 आंदोलनांचा धरतात, पंचम 360 चा, तार षड्ज 480 चा. प्रत्यक्षात गाताना जो तो आपला सा आपल्या पट्टीत लावतो, पण गणितासाठी आकडा ठरलेला. मी बाजूला स्कोप, म्हणजे चढउतार मोजणारं यंत्र, लावला होता आणि त्याच्यावर आकडा 240 च्या आसपासच उभा होता. बाईंनी कानाने जे सांगितलं ते यंत्राने नुसतं दुजोऱ्याला मांडलं.

तेवढ्यात शेजारचे चाचा आले. तंबोऱ्याला जवारी लावण्यात त्यांची हयात गेलीय. त्यांना काही न सांगता मी ब्राइटनेस आणखी खाली नेला. सूर जागेवरच राहिला, पण त्याचा पोत बदलला. गोलाई गेली, धार आली, वरचे स्वर चमकायला लागले. चाचा म्हणाले, "स्वर तोच आहे, जवारी उघडत चाललीय." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. ब्राइटनेस कमी करताना उघडझापेचा वेग बदलत नाही, फक्त उजेडाचा झटका बारीक आणि टोकदार होतो, आणि झटका जितका टोकदार तितके त्याच्या पोटातले वरचे स्वर ठळक. पडदा जितका मंद, तितका विझण्याचा काळ लांब.

मग जुना फोन ठेवला, एलसीडीचा. ब्राइटनेस वरून खाली, खालून वर. स्पीकर हूं की चूं करेना. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच म्हणत नव्हते." त्या वाक्यात जो सुटकेचा भाव होता तो मी पुढे पुष्कळांच्या तोंडी ऐकला. दुखणं तितकंच राहतं, पण ते खोटं नाही हे कुणीतरी दाखवून दिलं की माणूस ताठ बसतो.

आता इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. 240 चा फोन घेतला म्हणजे डोकं दुखणारच, असं नाही. दुकानात माझ्याबरोबर काम करणारा मुलगा तोच फोन दिवसभर वापरतो आणि त्याला काही होत नाही. माणसामाणसांत फार फरक असतो. ज्यांना अर्धशिशी आहे अशांना लुकलुकता उजेड जास्त झोंबतो. शिवाय डोळे दुखायला दुसरी कारणंही असतात. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या लवायचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, डोळे कोरडे पडतात. चाळिशीनंतर जवळचं बघायला डोळ्यांना जोर द्यावा लागतो. फोन नाकाजवळ धरायची सवय असते. म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारतो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात का? ते झालेलं नसेल तर पट्टी बाहेर काढत नाही. कोरड्या डोळ्यांचं खापर पडद्यावर फोडण्यात कुणाचं भलं नाही.

पण सगळं तपासून झालेलं आहे, एका फोनवर त्रास होतो आणि दुसऱ्यावर होत नाही, रात्री ब्राइटनेस कमी केल्यावर जास्त होतो आणि दिवसा बाहेर उन्हात होत नाही, असं माणूस सांगत असेल तर उघडझापेवर संशय घ्यायला जागा आहे. आणि ही शंका आजची नाही. माझ्या गुरूंच्या दुकानात आम्ही रेडिओ-टीव्हीबरोबर ट्यूबलाइटचे चोक बदलायचो. जुन्या लोखंडी चोकवरची ट्यूब पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त व्हायची. इंग्लंडमध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कचेऱ्यांमध्ये काही काळ साध्या चोकच्या ट्यूब, काही काळ सुमारे 32 हजार हर्ट्झवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब. कोणत्या वेळी कोणती ट्यूब, हे तिथे काम करणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि त्यांची विचारपूस करणाऱ्यांनाही नव्हतं. इलेक्ट्रॉनिक चोकच्या काळात डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरीने निम्म्याहून खाली आला. त्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक लहानशी नोंद. चांगल्या ट्यूब असताना लोक दिवे सुमारे 30 टक्के जास्त वेळ चालू ठेवत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला फरक डोळ्यांनी दिसत नव्हता, तरी हात आपोआप बटणाकडे जात होता.

त्या साध्या ट्यूबमध्ये उजेडाचा चढउतार पन्नास टक्क्यांच्याही आत होता. ओलेड पडदा मंद केल्यावर जवळजवळ शंभर टक्के विझतो. वेग जास्त आहे हे खरं, पण खोलीही जास्त आहे, आणि हे दोन्ही आकडे एकत्रच बघावे लागतात. एलईडी दिव्यांसाठी आयईईई या संस्थेने 2015 साली 1789 क्रमांकाची शिफारस काढली, तिचा हिशेब असाच आहे. 90 ते 1250 हर्ट्झच्या पट्ट्यात धोका कमी ठेवायचा असेल तर वेगाच्या आकड्याला 0.08 ने गुणायचं, येईल तेवढे टक्केच चढउतार असावा. 240 ला गुणलं की साधारण 19 टक्के येतात. 480 ला 38. वेग 1250 च्या पुढे गेला की मग चढउतारावर बंधन नाही. ही शिफारस खोलीतल्या दिव्यांसाठी लिहिलेली आहे हे मला मान्य आहे. पण खोलीतल्या दिव्याकडे आपण रोखून बघत बसत नाही, फोनच्या पडद्याकडे तासन्‌तास बघतो, तेही अंधारात, बाहुल्या मोठ्या झालेल्या असताना.

दुकानांतून विकणारी पोरं एक घोळ नेहमी घालतात. गिऱ्हाईक विचारतं, डोळ्यांना चांगला कुठला? उत्तर येतं, हा घ्या, 120 हर्ट्झ आहे. हा आकडा चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं त्याचा. बोटाने वर सरकवताना अक्षरं गुळगुळीत हलतात ती त्याच्यामुळे. पडदा किती वेळा विझतो तो आकडा वेगळा, आणि तो विचारणाऱ्यालाही माहीत नसतो, सांगणाऱ्यालाही नाही. निळ्या उजेडाच्या चष्म्याचंही तसंच. तो चष्मा लावला म्हणून लुकलुक थांबत नाही. उलट, झोप लागावी म्हणून लोक रात्री पडदा पिवळा करतात आणि सोबत अगदी मंदही करतात, तेव्हा नेमकी सगळ्यात वाईट उघडझाप ते डोळ्यांत घेत असतात.

घरच्या घरी बघायचं असेल तर पट्टीची किंवा स्कोपची गरज नाही. दुसऱ्या फोनचा कॅमेरा प्रो मोडवर घ्या, शटरचा वेग 1/4000 च्या आसपास ठेवा आणि संशयित फोनवर पांढरं पान उघडून त्याच्याकडे रोखा. ब्राइटनेस पूर्ण असताना आणि अगदी कमी असताना, दोन्ही वेळा बघा. जाड काळे पट्टे वरखाली सरकताना दिसले तर उघडझाप संथ आणि खोल आहे. पट्टे बारीक आणि खूप असतील तर वेग मोठा आहे. फक्त फिकट सावली दिसली तर चढउतार उथळ आहे. नवा फोन घेताना दुकानातच एवढं करून बघा असं मी प्रत्येकाला सांगतो. डेमो पीस काउंटरवर ठेवलेलाच असतो आणि याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. ब्राइटनेस कमी करून बघायला मात्र विसरू नका, कारण दुकानात डेमो पीस कायम लखलखीत ठेवतात.

फोन घेऊन झालेला असेल आणि बदलणं परवडत नसेल, तर एक उपाय बहुतेक फोनवर करता येतो. ऑटो ब्राइटनेस बंद करायचा आणि मुख्य ब्राइटनेस निम्म्याच्या वर, उघडझाप सुरू होते त्या जागेच्या पुढे, ठेवायचा. मग पडदा झोंबतो, तो सॉफ्टवेअरने मंद करायचा. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ आहे, अँड्रॉइड 12 पासून ‘एक्स्ट्रा डिम’ आहे. यात पांढराच करडा करून दाखवला जातो, ठिपक्याचं विझणं वाढत नाही. बॅटरी जरा जास्त जाते. काही फोन सगळ्याच ब्राइटनेसला लुकलुकतात, तिथे याचा फायदा थोडा. गाण्याच्या बाईंच्या फोनला मी हेच करून दिलं, आणि स्वरलिपी तपासायच्या जागी डोक्यावर दिवा लावून घ्यायला सांगितलं. डोकेदुखी पुष्कळ कमी झाली. पूर्ण गेली नाही. वह्या तपासायला त्या आजही जुनाच फोन घेतात आणि नव्यावर मुलाशी व्हिडिओ कॉल करतात.

दुरुस्तीच्या धंद्यात याची एक उलटी बाजूही बघायला मिळते. ओलेडचा पडदा फुटला की गिऱ्हाइकापुढे दर ठेवतो: ओरिजनल, सॉफ्ट ओलेड, हार्ड ओलेड आणि सगळ्यात स्वस्त इनसेल. इनसेल म्हणजे ओलेडच्या जागी बसणारा एलसीडी. धंद्यात त्याला मान नाही. काळा रंग राखाडी दिसतो, कडा जाड दिसतात, बॅटरी लवकर उतरते, आणि आयफोन 11 पासून पुढे तर सेटिंगमध्ये ‘पडदा अस्सल असल्याची खात्री करता येत नाही’ असा शेराही येतो. एका बँकेतल्या साहेबांनी पैसे वाचवायला तो बसवून घेतला. काही दिवसांनी येऊन सांगतात, पडदा दिसायला पहिल्यासारखा नाही, पण संध्याकाळचं डोकं दुखायचं थांबलंय. मी पट्टी लावून बघितली. त्या पडद्याच्या मागच्या दिव्यात ऐकू येण्यासारखा चढउतारच नव्हता. सगळे इनसेल असे नसतात; काहींच्या दिव्यातही उघडझाप असते, म्हणून मी हे सरसकट कुणाला सुचवत नाही. पण हजारो रुपये कमी मोजून घेतलेल्या नकली पडद्याने एका माणसाच्या डोळ्यांना आराम दिला आणि अस्सल पडद्याने दिला नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. अस्सलची किंमत आपण रंगांसाठी मोजतो. डोळ्यांना किती सोसतं, हा हिशेब त्या किमतीत कुठे धरलेलाच नाही.

कंपन्यांना हे जमत नाही असं म्हणायला जागा नाही, हेही तितकंच खरं. 2019 च्या सुमारास शाओमी आणि वनप्लसने काही फोनमध्ये डीसी डिमिंगची, म्हणजे वीजच कमी देऊन पडदा मंद करण्याची, खूण सेटिंगमध्ये दिली. मंद उजेडात रंगांचे डाग दिसतील, पण लुकलुक कमी होईल, निवड तुमची. मग चिनी कंपन्यांनी वेगच वाढवायला घेतला. 1920, 2160, आणि 2023 साली भारतात आलेल्या ऑनर 90 मध्ये 3840. असा एक फोन पहिल्यांदा पट्टीवर ठेवला तेव्हा स्पीकर गप्पच राहिला. चिकटपट्टीतली फट नखाच्या कडेएवढी अरुंद केल्यावर शिट्टीसारखा बारीक आवाज मिळाला. ॲपलने 2025 च्या आयफोन 17 मध्ये ही उघडझाप सौम्य करायची सोय ॲक्सेसिबिलिटीत दिली. म्हणजे ज्या तक्रारीला सर्व्हिस सेंटरच्या कागदावर रकाना नव्हता, ती तक्रार आता सेटिंगमधल्या एका बटणापर्यंत पोचली आहे. याचं मला मनापासून समाधान वाटतं. मात्र त्याच 2025 च्या फेब्रुवारीत ॲपलने आयफोन एसई बंद केला आणि एलसीडीचा नवा आयफोन मिळायचा थांबला. अँड्रॉइडमध्येही एलसीडी आता खालच्या किमतीतच उरलाय. ज्याला ओलेड सोसत नाही त्याला चांगला कॅमेरा, चांगला प्रोसेसर हवा असेल, तर त्याने काय घ्यावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त बोचला तो स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलासाठी. अभ्यासिकेत बसतो, पुस्तकं विकत घेणं परवडत नाही, सगळं वाचन पीडीएफवर. वडिलांनी ऊसबिलातून त्याला ओलेडचा फोन घेऊन दिला होता. अभ्यासिकेत इतरांना उजेड लागू नये म्हणून तो ब्राइटनेस तळाला ठेवून वाचायचा. डॉक्टरांनी डोळे कोरडे असल्याचं सांगून थेंब दिले, त्याने निम्मा फरक पडला. उरलेल्यासाठी तो माझ्याकडे आला. पट्टीवर त्याच्या फोनचा सा अगदी खणखणीत लागला. आम्ही तो फोन देऊन एलसीडीचा एक वापरलेला फोन घेतला, वर उरलेल्या पैशात त्याने पुस्तकं घेतली. आता तो दुपारीही सलग वाचू शकतो. पण त्याला हे आधीच समजलं असतं तर घरच्यांच्या पैशाचं एवढं नुकसान झालं नसतं, आणि समजायला काही मार्गच ठेवलेला नव्हता.

आपल्या देशात 2012 पासून फोनच्या रेडिओ लहरींसाठी 1.6 वॅट प्रति किलो ही सारची, म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची, मर्यादा आहे. कुठल्याही फोनवर *#07# दाबा, आकडा समोर येतो. तो समजून घेणारे थोडे असतील, पण हवा त्याला बघता येतो. पडद्याच्या उघडझापेसाठी असंच व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. सेकंदाला किती वेळा, किती खोल आणि कोणत्या ब्राइटनेसपासून, एवढंच खोक्यावर छापायचं. कारखान्यात ही मोजमापं झालेली असतातच; पडदा बनवणाऱ्याला त्याशिवाय तो बनवताच येणार नाही. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, बॅटरीचे मिलिॲम्पिअर, सगळं मोठ्या अक्षरांत छापतात, त्यात ही एक ओळ मावेल.

ती छापली जाईपर्यंत मी वापरलेले फोन विकायला ठेवतो तेव्हा प्रत्येकावर चिठ्ठी लावतो. किंमत, बॅटरी हेल्थ, पडदा बदललाय का, आणि शेवटी ब्राइटनेस चतुर्थांशावर ठेवून मोजलेला उघडझापेचा आकडा. सुरुवातीला लोक ती ओळ वाचून पुढे जायचे, आता विचारतात. सांगलीच्या एका दुकानदाराने चिठ्ठीचा फोटो काढून नेला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, हे मोजता कसं? त्याला सोलर पट्टी, स्पीकरची वायर आणि काळी चिकटपट्टी घेऊन रविवारी दुकानात यायला सांगितलंय.